पाच टक्के काच

मे महिना आला की आमच्या लॅबमध्ये हाडं जळू लागतात. प्रोजेक्टची तारीख जवळ आलेली असते, वर्षभर निवांत असलेली एम.एस्सी.ची मुलं अचानक जागी होतात आणि भट्टीसाठी रांग लागते. हाड तापायला लागलं की पहिल्या तासात केस जळल्यासारखा वास सुटतो. आधी ते काळं पडतं, मग राखाडी होतं आणि नऊशे अंशांवर काही तास राहिलं की खडूसारखं पांढरं होऊन बाहेर येतं. मुलं नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात पळतात. मी आत थांबते. तो वास आला की मला कुणाशी धड बोलता येत नाही. मुलांना हे आता माहीत झालंय, त्यामुळे त्या दिवसांत ती माझ्या वाटेला जात नाहीत.

हेच काम मी स्वतः केलं त्याला बरीच वर्षं झाली. तो उन्हाळा मात्र अजून अंगातून गेलेला नाही. भट्टी पेटली की तो परत येतो आणि त्याच्याबरोबर एक आवाजही येतो. ओलं लाकूड मोडावं तसा, पण त्याहून लहान. त्या आवाजाविषयी मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर भाईंदरजवळ मुर्ध्याला, खाडीच्या अंगाला. समोर पूर्वी मिठागर होतं. त्या वर्षी त्यात भराव टाकून टॉवर उभे राहायला लागले होते आणि सकाळी आठ वाजले की ब्रेकर सुरू व्हायचा. खडक फोडणारं ते मशीन चालू झालं की फळीवरची भांडी थरथरायची, बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. ऊन असं की सकाळी वाळत घातलेली मासळी दुपारी हाताला टोचायची. बाबा बोटीवर असायचे, आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि माझा मोठा भाऊ, दादा, काशीमिऱ्याला हायवेवर काचेच्या दुकानात कारागीर होता. घरात शिकलेली मी एकटी.

आमच्याकडे राग बोलून दाखवायची रीत नव्हती. तो हातातून बाहेर पडायचा. बाबांनी भरलं ताट भिंतीवर मारल्याचे डाग दर दिवाळीला चुना लावूनही वर यायचे. आई हातात असेल त्याने मारायची, आणि मारून झाल्यावर त्याच हाताने जेवायला वाढायची. लहानपणी दादाने मला हौदात ढकललं होतं, मी त्याच्या कानाची पाळी चावून रक्त काढलं होतं. पुस्तकं वाचायला लागल्यावर मला वाटायला लागलं, की हे सगळं या लोकांचं, आपलं नव्हे. आपण वेगळ्या. हा माझा माज होता आणि तो मी चांगला जोपासला होता.

माझा विषय ऐकायला विचित्र वाटेल, पण कळायला सोपा आहे. माशाचं हाड जाळलं की जी पांढरी राख उरते, तिच्यात माणसाच्या हाडात असतं तेच खनिज असतं. तिची पूड करायची, पोलादी साच्यात दाबून छोट्या गोल वड्या पाडायच्या, त्या पुन्हा बाराशे अंशांवर भाजायच्या. हाड मोडून पोकळी पडली तर तिथे भरायला असलं काही कामी येतं. अडचण एकच, नुसत्या हाडाची वडी दाबाखाली लवकर फुटते. म्हणून त्यात थोडी काचेची पूड मिसळायची. भट्टीत काच वितळते, कणांमधल्या फटींत शिरते आणि गार झाल्यावर त्यांना धरून ठेवते. कमी पडली तर फटी उरतात, जास्त झाली तर ती हाडालाच बिघडवते. शंभर भागांत पाच भाग काच घालायची की दहा, एवढंच मला शोधायचं होतं.

आईकडे हाडं मागायला मी बाजारात गेले तेव्हा ती घोळ मासा कापत होती.

"हाडं? मांजर पाळलंस काय?"

"भट्टीत घालायचीत."

"नि मग?"

"मग माणसाच्या हाडात भरायची."

तिने हात थांबवला आणि शेजारच्या टोपलीवालीला मोठ्याने सांगितलं, "बघ गो, पोरगी शिकली नि येडी झाली."

"आणि मुशी ठेवू नकोस हां," मी म्हटलं. "मुशी म्हणजे शार्कच, तिच्या अंगात हाड नसतं, कुर्चा असते."

"जन्म गेला माझा मुशी कापण्यात. तू सांगतेस मना!"

पण त्या दिवसापासून तिने गिऱ्हाइकांनी नको म्हटलेले घोळीचे कणे बर्फात बाजूला ठेवायला सुरुवात केली. त्यावरून कुणी हसलं तर ती त्याच्याशी भांडायची.

काच दादा आणायचा. खिडक्यांच्या काचा कापून उरलेल्या पट्ट्या, कागदात गुंडाळून. मी एकदा त्याच्या दुकानात गेले होते. बाहेर ट्रकांची रांग, हॉर्न, धूळ, आणि आत हा टेबलावर वाकून उभा. कटर रॉकेलमध्ये बुडवून त्याने काचेवर एक रेघ ओढली, टोकापासून टोकापर्यंत, मध्ये न थांबता. खालून बोटाने टकटक केलं आणि ती सहा फुटी काच रेघेवर सरळ सुटली. मनगटाचा दाब सगळीकडे सारखा लागतो, तो म्हणाला, जरा कमीजास्त झाला की काच वाटेल तिकडे जाते. आमच्या घरात तसं काही नीटनेटकं मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला. तो मी त्याला सांगितला नाही.

"घ्या डॉक्टरीणबाई," पट्ट्या देताना तो म्हणायचा. "तुमच्या पेशंटला खिडकी पण बसवून देऊ, सोसायटीत लावतो तसली."

पहिली थोडी हाडं मी स्वतः उकळून, घासून साफ केली होती. त्यांच्या वड्या बऱ्या टिकल्या. मग खऱ्या चाचण्यांसाठी पुष्कळ हाडं लागणार होती आणि नेमकी त्याच आठवड्यात मी लॅबजवळ मैत्रिणीकडे राहायला गेले. परत आले तर आईने सगळी हाडं साफ करून, वाळवून, पिशवीत भरून ठेवलेली. वासाचा मागमूस नाही. बारीक काटे तर बोटांत वाकत होते.

"वास गेला की न्हाय? तुझ्या मॅडमच्या मशीनला मासळीचा वास नको लागायला."

"आई, तू लॅबवाल्यांच्या वर आहेस," मी म्हटलं. कशाने साफ केलीस, हे विचारलं नाही. मला घाई होती.

तारखेला दोन आठवडे उरले असताना काच घातलेल्या बारा वड्या मी दाबयंत्रावर लावल्या. दोन पोलादी ताटल्यांच्या मध्ये वडी ठेवायची, वरची ताटली हळूहळू खाली येते आणि पडद्यावर रेघ चढत जाते. वडी टिकली तर रेघ चढत राहते. माझी पहिली वडी बिस्किटासारखी गेली. दुसरी गेली, तिसरी फुटली नाही, तिचा नुसता भुगा झाला. एकामागून एक बाराही गेल्या. माझ्या प्रोजेक्टच्या मॅडमनी विचारलं, काच कुठली? भावाच्या दुकानातली, मी म्हटलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

"बिनकाचेच्या वड्या कुठायत? आधी त्या लावायच्या असतात ना?"

"उद्या लावते, मॅडम."

त्या "हं"ने माझं डोकं फिरलं होतं. घरी जाईपर्यंत माझं दादाला मनातल्या मनात शंभर वेळा सुनावून झालं होतं. कसलीतरी भंगारातली काच आणली असणार. त्याला कशाचं काही पडलेलं नाही. माझं वर्ष जाणार आणि हा खिडक्यांचे विनोद करत बसणार.

घरी कुणी नव्हतं. उरलेली हाडं मी ओटीवर घेऊन लोखंडी बत्त्याने ठेचायला बसले. समोर ब्रेकर चालू होता. तो खडकावर आणि मी हाडांवर, असं बराच वेळ चाललं. एवढ्यात दादा आला. मीरा रोडला माल टाकून परत जाताना तो घरी जेवायला येत असे. शेजारच्या परातीत मी शिल्लक वड्या ठेवल्या होत्या.

"कसली काच दिलीस रे मला?"

"काच ती काच. का?"

"सगळ्या वड्या फुटल्या. तुझ्यामुळे माझं वर्ष जाणार."

"माझ्यामुळे?" तो हसला. "तुझं हाडच सडकं असेल." परातीतली एक वडी त्याने उचलली, दोन बोटांत दाबली, ती फुटली. मग दुसरी. "हे घालणार माणसात? अरे, हे तर आईच्या दात घासायच्या राखुंडीसारखं..."

तो तिसरी घ्यायला वाकला. त्याचा हात परातीच्या काठावर टेकला होता. मी बत्ता उचलला आणि खाली आणला.

मी ठरवून मारलं नाही असं मला लिहिता आलं असतं. पण बत्ता जड होता, तो दोन्ही हातांनी उचलावा लागायचा आणि तो खांद्याच्या वर जाईपर्यंत थांबायला मला वेळ होता. मी थांबले नाही. ब्रेकरच्या त्या कानठळ्यांमध्येही तो लहान आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दादाचं मनगट जिथे संपतं त्याच्या वर चार बोटं हात नको तिथे वाकला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि परातीतच ओकला.

रिक्षात त्याने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "क्या हुआ भाई को?"

"काच गिरी, उतारते टाइम," दादा म्हणाला. मग दात आवळून मला, "घरी पण हेच सांग. बाबा तुला जिवंत ठेवणार नाहीत."

मी मान हलवली. ती मान हलवल्याची लाज मला मारल्याच्या लाजेपेक्षा जास्त वाटते.

डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू घालून हाड जुळवलं. एका जागी चुरा झाला होता, तिथे पोकळी राहत होती. ऑपरेशननंतर ते बाहेर आले आणि मी सायन्सची आहे हे कळल्यावर कौतुकाने त्यांनी एक रिकामी बाटली दाखवली. तळाला दोनचार पांढरे दाणे चिकटले होते. "हे भरलं. कृत्रिम हाड समजा. शरीर हळूहळू त्याच्यात स्वतःचं हाड वाढवतं." मी ती बाटली उजेडात धरली. तेच होतं. मी वर्षभर जे करायला धडपडत होते, ते कुणीतरी नीट करून बाटलीत भरलं होतं आणि ते माझ्या भावाच्या हातात भरायची वेळ मी आणली होती. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

"हात पहिल्यासारखा होईल ना? तो काच कापतो."

"रोजची कामं होतील," डॉक्टर म्हणाले. "बाकी बघू."

दोन दिवसांनी बाबा बोटीवरून उतरले, दादाचा हात पाहिला आणि लोखंडी पाइप घेऊन काशीमिऱ्याला गेले. नंतर कळलं ते असं. दुकानाचा शेठ हात जोडून सांगत होता, तुमचा मुलगा त्या दिवशी इथून धडधाकट गेला, इथे काच पडलीच नाही. बाबांनी त्याला खोटारडा म्हणून दोन ठेवून दिल्या आणि भिंतीला उभ्या केलेल्या काचांच्या रांगेवर पाइप चालवला. परत आले तेव्हा त्यांच्या पायांतून रक्त येत होतं आणि ते खूश होते. दादाची नोकरी गेली. त्याने भिंतीकडे तोंड केलं ते रात्री जेवायलाही उठला नाही. मी एक वाक्य बोलले असते तर हे काही घडलं नसतं. मी भात वाढत होते.

त्यानंतर मी लॅबमध्ये जाऊन बिनकाचेच्या वड्या दाबयंत्रावर लावल्या. त्याही तशाच गेल्या. म्हणजे काचेचा काही संबंध नव्हता, मुळात हाडच सडकं होतं. दादा हसत हसत म्हणाला होता तेच. पुडीतलं खनिज तपासणाऱ्या एक्स-रे यंत्राच्या आलेखात नको ते उंचवटे दिसत होते. कशाने तरी हाडातलं कॅल्शियम ओढून नेलं होतं.

संध्याकाळी मी आईला अगदी सहज विचारलं, "ती हाडं तू कशाने साफ केलीस गं?"

"चिंच," ती म्हणाली. "कोकमाचा आगळ पण वतला थोडा. चार दिस ठेवली पिंपात. मासळीचा वास दुसऱ्या कशाने जातच न्हाय." आणि माझ्या तोंडाकडे पाहून घाबरून, "का गो? काय झालं?"

कुठल्याही कोळणीने हेच केलं असतं. आमच्याकडे मासळीच्या हाताला चिंच लावतात, पाटीला लावतात. चार दिवस आंबटात पडलेलं हाड चुना सोडणार आणि मऊ होणार, हे मला माहीत असायला हवं होतं. काटे बोटांत वाकले तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला. "काही नाही," मी म्हटलं. "छान साफ झाली होती." आईला हे आजही माहीत नाही.

मग मी नवे कणे आणून, सोड्यात उकळून, स्वतः घासून नव्याने वड्या केल्या. काच तीच वापरली, दादाने आणलेली. पाच टक्के काचेच्या वड्या सर्वांत जास्त टिकल्या, दहा टक्क्यांच्या आधी गेल्या. मला चांगले मार्क मिळाले. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, भावाने काच फार चांगली दिली हं.

दादाचं प्लास्टर निघालं तोवर पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून शाकारून झाली होती. बाबा घरी होते. प्लास्टरमधून निघालेला हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा होता, बारीक, फिकट, वरून लांब लाल व्रण. बाबा त्याच्याकडे बघत होते. मग उठले आणि कोपऱ्यातला पाइप उचलला.

"त्या शेठला अजून सोडला न्हाय मी."

"बाबा, राहू द्या," दादा म्हणाला.

"पोराचा हात घालवला त्याने!"

"शेठने काही केलं नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आल्यासारखा वाटला. "मी मारलं. बत्त्याने. इथे, ओटीवर."

"गप्प ए," दादा माझ्यावर खेकसला.

"काय बोलतेस?" बाबा म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. काचेवरून भांडण झालं, चूक त्याची नव्हती, खोटं त्याने माझ्यासाठी सांगितलं. बाबांच्या हातातला पाइप खाली पडला. आधी मला वाटलं, सुटले. मग त्यांचा हात वर गेला. जाळी ओढून ओढून लाकूड झालेला तो हात माझ्या डोक्याच्या रोखाने आला आणि दादाने मध्ये आपला हात घातला. उजवा, नुकता प्लास्टरमधून निघालेला.

धप्पकन आवाज झाला. मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहत राहिले. तो आला नाही. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो भिंतीला टेकून बसला आणि एकेक बोट मिटून उघडून बघू लागला. पाचही हलत होती. बाबा आपली बोटं काखेत दाबून कळवळत होते, कातडीखालच्या पट्टीवर ती बसली होती. नंतर ते बाहेर जाऊन बोटीच्या सावलीत बसले. आईने मला दोन थोबाडीत मारल्या. त्या मला मिळायलाच हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी काशीमिऱ्याला गेलो आणि मी शेठला खरं काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आम्हाला पाणी दिलं. नोकरी दिली नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही दिली नसती. तशीही ती दादाला जमली नसती. हाड भक्कम जुळलं, डॉक्टर एक्स-रे बघून खूश झाले, पण टोकापासून टोकापर्यंत सारख्या दाबाची ती एक रेघ त्याच्या हातातून पुन्हा कधी निघाली नाही. खूप दिवस तो घरी जुन्या काचेवर ओढून बघायचा. मधेच मनगट थरथरायचं आणि काच वाटेल तिकडे जायची. आता तो खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी बसवतो. काच दुसऱ्याकडून कापून घेतो.

यंदाही मुलांच्या वड्या फुटतात आणि ती माझ्याकडे रडवेल्या तोंडाने येतात, मॅडम, काच खराब असणार. मी त्यांच्यावर जरुरीपेक्षा जास्त ओरडते. बिनकाचेची वडी आधी लावा, म्हणते, आणि ती लावेपर्यंत कुणालाही काहीही बोलू नका. त्यांना वाटतं, मॅडम शिस्तीच्या आहेत.

गेल्या रविवारी दादा माझ्याकडे जेवायला आला होता. स्वयंपाकघरात शेजारी उभा राहून कुठल्यातरी सोसायटीच्या सेक्रेटरीची नक्कल करत होता आणि मी हसून बेजार झाले होते. वाटणाला खोबरं हवं होतं म्हणून मी नारळ घेतला आणि दुसऱ्या हाताने कोयता उचलला. त्याची नक्कल चालूच होती, हसणंही चालू होतं. फक्त माझ्या बाजूचा त्याचा उजवा हात हळूच उचलला गेला आणि पाठीमागे गेला. त्याला ते कळलंसुद्धा नसावं.

मी कोयता खाली ठेवला, नारळ त्याच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, "तू फोड."

त्याने तो डाव्या हाताने फोडला.